फिल्टरपर्यंत पोचणारा हात

प्रिय हेमा,

आज गाडीचं ऑईल बदललं. नखांच्या कडेला अजून काळं बसलंय. खोबरेल तेल आणि साखर चोळून पाहिली, तू चोळायचीस तशी, पण माझ्या हातांचं काही तसं निघत नाही. असो.

पत्र लिहायचा आपल्यात रिवाज नव्हता. तू पॅकिंगला होतीस आणि मी त्याच कारखान्यात स्टोअरला, तेव्हासुद्धा आपण एकमेकांना कधी चिठ्ठी दिली नाही. कुंभवलीच्या नाक्यावर टपरीपाशी उभं राहून जे बोलायचं ते बोललो. मग आज का लिहितोय? आज दुपारी मला एक गोष्ट कळली, म्हणून. ती तुला माहीत नव्हती. माहीत असती तर तुझे शेवटचे महिने थोडे हलके गेले असते, असं सारखं वाटतंय. ती तुला सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

पण आधी ऑईलचं सांगतो.

तू गेल्यापासून गाडी उभीच आहे म्हण ना. कामावर मी मोटरसायकलनं जातो. एरवी एकट्या माणसाला गाडीनं कुठं जायचं असतं? पण तू म्हणायचीस, गाडी पळो न पळो, वर्षातून एकदा ऑईल बदलायचंच, उभ्या इंजिनातसुद्धा ऑईल म्हातारं होतं. म्हणून परवा बोईसरहून नवा डबा आणि फिल्टर आणला. दुकानदारानं विचारलं, "ताई नाही आल्या?" मी नाही म्हटलं आणि गाडीचं मॉडेल सांगितलं. पुढचं त्याला सांगायचं मला धाडस झालं नाही.

तुला आठवतं, गाडी घेतल्यावर पहिल्यांदा आपण ती गॅरेजला नेली होती? तू मेकॅनिकच्या मागे जाऊन वाकून बघायला लागलीस. तो म्हणाला, "मॅडम, आप उधर कुर्सी पे बैठो." तू बसलीस. घरी येताना मात्र म्हणालीस, "मी बसायला गेले नवते तिथं." पुढच्या वेळेपासून ऑईल बेटेगावातच, आपल्या अंगणात.

मला ते सगळं नवीन होतं. मी देशावरचा माणूस, आमच्या घरी सायकलच्या पंक्चरलासुद्धा दुकान गाठायचे. तुझं तसं नव्हतं. तुझी आई तू शाळेत असताना गेली, भाऊबहीण कोणी नाही. दातिवऱ्यात बाप-लेक दोघंच, दादा आणि तू, आणि दादांची ती छोटी बोट. ओहोटीला बोट खाडीत टेकली की इंजिनाचं काम निघायचं. फिल्टर अशा कोपऱ्यात की दादांचा जाड हात तिथं शिरायचाच नाही. मग किनाऱ्यावर हाक यायची, "बाय, ये गं." तू दप्तर टाकून बोटीत चढायचीस आणि तुझा बारीक हात बरोबर आत जायचा. पोरीला बोटीवर कशाला चढवतोस, असं गावातले काही जण म्हणायचे. दादा म्हणायचे, "समुद्रात कुठं नेतोय तिला? बोट तर चिखलात हाय."

हे तू मला किती वेळा सांगितलंस! आणि दर वेळी त्या "बाय, ये गं"पाशी तुझा आवाज बदलायचा.

शेजारच्या वहिनींची तर गंमतच. तू गाडीखाली, फक्त पाय बाहेर. त्या कुंपणावरून विचारत होत्या, "हेमाताई, मिस्टर कुठायत?" आणि तू खालून सांगितलंस, "चहा करतायत." मी खरंच चहा करत होतो.

इंजिन थोडं चालवून ऑईल कोमट करायचं. गाडी दादांनी पाठवलेल्या लाकडी उतारांवर चढवायची, मागच्या चाकांना दगड लावायचे, नुसत्या जॅकवर गाडीखाली कधी शिरायचं नाही. तळाचा नट सोडून काळं ऑईल घमेल्यात पडू द्यायचं. मग फिल्टर. नव्या फिल्टरच्या रबराला बोटानं ऑईल लावायचं, हातानं फिरवायचा, रबर टेकलं की अजून जरासा, आणि बस. "ताकद दाखवायची नाय," तू म्हणायचीस. जुनं ऑईल डब्यात भरून गॅरेजवर द्यायचं, तिथून ते गोळा करणारा नेतो. एकदा मी आळसानं म्हटलं, मागच्या नाल्यात ओतूया, कोण बघतंय. तू नुसती माझ्याकडे बघत राहिलीस. "ओतायला काय जातं?" तू म्हणालीस. "सगळे नाले शेवटी आमच्याच दारात येतात."

आणि मग ती दिवाळीनंतरची वेळ. तू गाडीखाली होतीस आणि फार वेळ काही आवाजच नाही. मी वाकून विचारलं, काय झालं? तू म्हणालीस, "फिल्टर फिरत नाय. हात धरत नाय." बाहेर आलीस आणि उजवा हात उलटसुलट करून बघत बसलीस, जणू दुसऱ्या कुणाचा आहे. आपण दोघंही हसलो. वय झालं, म्हणालो. कसलं वय होतं गं ते?

मग चहाचा कप हातातून सुटला. मग ब्लाउजची हुकं. बोईसरच्या डॉक्टरांनी मानेचं दुखणं म्हटलं, पालघरच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढून तुझ्यासमोर घेतली तेव्हाच मला कळलं की काहीतरी वाईट आहे. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा एकेक करून बंद पडत जातात, म्हणाल्या. आधी हात, मग पाय, मग बोलणं, मग श्वास. औषधानं थोडं लांबवता येईल, थांबवता येणार नाही. तू एकच प्रश्न विचारलास, "डोकं शाबूत राहील ना?" त्या म्हणाल्या, राहील. तू म्हणालीस, "मग कठीण हाय."

परत येताना गाडीत तू माझा हात आपल्या डोक्यावर ठेवलास. "दादाला सांगायचं नाय. माझी शपथ." मी म्हटलं, हे कसं चालेल? तू म्हणालीस, आई गेली तेव्हा तो सहा महिने बोटीवर गेला नाही, आता त्याचं वय झालंय, तो मोडेल. माझा हात तसाच तुझ्या डोक्यावर. सांग, मी काय करायचं होतं?

ती शपथ तू घालायला नको होतीस, हेमा. आज हे स्पष्टच लिहितो. रागानं नाही. पण नको होतीस.

नारळी पौर्णिमेला आपण दातिवऱ्याला गेलो. दादांनी स्वतः मासळी आणली होती, कालवण केलं होतं. तू उजवा हात पदराखाली ठेवलास, म्हणालीस बोट कापलंय, आणि डाव्या हातानं चमचा घेऊन जेवलीस. मी भराभर काहीतरी बोलत होतो, कारखान्याचं, रस्त्यांचं, कशाचंही. दादा तुझ्या ताटात वाढत होते. निघालो, पुढचं एडवण गाव मागे पडलं, तेव्हा तू सुटकेचा श्वास सोडलास. "कळलं नाय त्याला," म्हणालीस आणि हसलीस. मला वाटलं, जिंकलो आपण.

पुढच्या ऑईलच्या वेळी तू अंगणात खुर्चीवर होतीस आणि मी गाडीखाली. तू सांगत होतीस, मी करत होतो. "डावीकडं फिरव. डावीकडं म्हणजे तुझ्या डावीकडं. पडलास उताणा तर डावं-उजवं विसरलास?" जीभ थोडी जड झाली होती तुझी, पण चिडवणं तेवढंच. मी तोंडावर ऑईल पाडून घेतलं तेव्हा तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला. तो ठसका लवकर थांबेना.

त्यानंतर लपवणं शक्यच नव्हतं. फोनवर तुझं बोलणं अडखळायला लागलं आणि तू दादांचे फोन टाळायला लागलीस. शेवटी तूच मानेनं हो म्हणालीस. दादांना बोलावलं. तू खुर्चीत, मी तुझ्याशेजारी उभा, दादा समोर. मी सगळं सांगितलं. ते ऐकत होते, खाली बघत. माझं संपल्यावर त्यांनी मान वर केली आणि एवढंच म्हणाले, "आता सांगतस?"

मग ते तुझ्यापाशी जमिनीवर बसले आणि तुझा हात दोन्ही हातांत घेतला.

त्या दिवसापासून शेवटपर्यंत ते येत राहिले. तुझ्याशी बोलायचे, तुला गावातल्या बातम्या सांगायचे, कोणाच्या बोटीला काय लागलं ते सांगायचे. माझ्याशी नाही. चहा दिला की घ्यायचे, निघताना "येतो" म्हणायचे. बास. मला वाटलं, बरोबर आहे. बापाला अंधारात ठेवणाऱ्या जावयाशी काय बोलायचं? तुझे दिवस झाले, ते दातिवऱ्याला गेले, आणि मी फोन केला की उचलायचे नाहीत. मग मीही सोडून दिलं.

तू असतानाचं शेवटचं ऑईल तुला आठवत असेल. दवाखान्याच्या खेपांनी गाडी खूप पळली होती. तेव्हा तुझा आवाज गेला होता. मी तुला दारात आणून बसवलं आणि एकेक काम झालं की तुझ्याकडे बघायचो, तू डोळे मिटून उघडलेस की पुढचं. फिल्टर मात्र गाडीखाली. तिथून तू दिसत नव्हतीस. तू "बस" म्हणायचीस तिथं कोणी म्हटलंच नाही. मी आवळत गेलो.

आज तोच फिल्टर निघेना.

ऑईल सगळं घमेल्यात उतरलेलं. हात घातला, फिरवला, घसरला. कापड गुंडाळून पाहिलं. मनगट कशावर तरी घासून सोललं. उताणा पडून मी त्या फिल्टरकडे बघत राहिलो. रविवार होता, पण ओळखीच्या मेकॅनिकला बोलावता आलं असतं. का कोण जाणे, हात पुसून फोन घेतला आणि दादांना लावला.

या वेळी उचलला.

"दादा, सुभाष बोलतोय."

पलीकडून, "बोला."

"गाडीचं ऑईल काढलंय. फिल्टर निघत नाही."

"आवळला कोनी?"

"मीच."

"आता हात लावू नका. येतो मी."

आणि आले. एवढं वय, एवढं ऊन, दातिवऱ्याहून सफाळं, सफाळ्याहून बोईसर, मग रिक्षा. हातात पिशवी, पिशवीत बोटीच्या इंजिनाचा जुना रबरी पट्टा. घरात आले नाहीत. पाणी प्यायले, गोणपाट अंथरलं आणि सरळ गाडीखाली शिरले. मी नको म्हणत होतो.

त्यांनी हात वर घातला. बोटांचे सांधे मध्येच अडकले. त्यांनी हात फिरवून पाहिला, दुसरा घालून पाहिला. नाही शिरला. तसेच पडून राहिले, हात अर्धा आत. मग म्हणाले, "हितं बायचाच हात जायचा."

मी शेजारी पडलो होतो. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता आणि तो खांदा हलत होता. तुझ्या दादांना रडताना मी पाहिलं नव्हतं, हेमा. स्मशानातसुद्धा नाही.

नंतर त्यांनी मला पट्टा कसा गुंडाळायचा ते सांगितलं. माझा हात कसाबसा आत गेला, मनगट पुन्हा सोललं. पट्ट्याच्या टोकात त्यांनी पान्याचा दांडा अडकवला आणि खालून पिळत राहिले, मी वरून धरून ठेवलं. एकदम सुटला. उरलंसुरलं ऑईल माझ्या बाहीत आणि त्यांच्या दाढीत.

बाहेर येऊन आम्ही पायरीवर बसलो. तोंड पुसून ते म्हणाले, "जावय, मी बोललो नाय तुमच्याशी, ते रागानं नाय."

मी म्हटलं, "राग यायलाच हवा होता, दादा. मी तुम्हाला सांगितलं नाही."

"मला ठाव होता."

मला कळेना. ते अंगणाकडे बघत बोलत होते. "पुनवेला कळला. जी पोर जन्मात कालवण-भात चमच्यानं जेवली नाय, ती चमचा घेऊन बसली. कापलाय म्हटली, तर पट्टी कुठं? पदर सरकला तवा हात बघितला मी. मास उतरलेला, अंगठ्यापाशी खड्डा. काय रोग हाय ते नवतं ठाव. मोठा हाय, ते कळला."

"मग विचारलं का नाही?"

"तिला वाटत होता, बापाला कळू नये. म्हटला, होऊ दे तिच्या मनासारखा. विचारला असता तर रडली असती."

हेमा, ऐकतेस ना? त्यांना माहीत होतं. तू चमचा धरून हसत होतीस आणि ते तुला वाढत होते, तेव्हा त्यांना माहीत होतं. तू फोन टाळत होतीस, आवाज सांभाळत होतीस, त्यांच्यासाठी रडू गिळत होतीस, आणि तिकडे ते तुझ्यासाठी तेच करत होते. दोघांच्या मध्ये मी, शपथ सांभाळत. तुम्ही बाप-लेक एकदा तरी एकमेकांच्या गळ्यात पडून रडला असतात, तुझा आवाज होता तोवर. कोण आडवं आलं असतं?

मी त्यांना म्हटलं, "पण त्या दिवशी मी सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, आता सांगतस?"

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "ते बायला म्हटला. तुमाला मी कधी अरे-तुरे केलाय काय?"

नाही केलं. लग्नाच्या दिवसापासून एकदाही नाही. इतकी साधी गोष्ट, आणि मी तो एक शब्द स्वतःवर घेऊन इतके महिने बसलो.

"मग ती गेल्यावर फोन का नाही घेतलात?"

ते बोटांवरचं ऑईल पुसत राहिले. "तुमी विचारला असता, कधी कळला. काय सांगणार होतो? बापाला ठाव होता आन् बाप गप बसला. ती एकटी सांभाळत बसली. एकदा म्हणायला पायजे होता, बाय, मला ठाव हाय, नको लपवू."

मी त्यांच्याजवळ सरकून बसलो.

नंतर आम्ही राहिलेलं काम केलं. नव्या फिल्टरच्या रबराला दादांनी ऑईल लावून दिलं, मी तो बसवला. रबर टेकल्यावर माझा हात पुढे फिरायला लागला तसे ते शेजारून म्हणाले, "बस." ऑईल ओतलं, इंजिन चालू केलं, कुठं गळत नाही ते दोघांनी वाकून बघितलं. जुनं ऑईल डब्यात भरून ठेवलंय, उद्या देऊन येईन.

संध्याकाळी त्यांना सोडायला निघालो तर म्हणाले, आज राहतो. आता आत कॉटवर पडलेत. मघाशी पिठलं-भात जेवताना त्यांनी विचारलं, "शेवटी शेवटी, बोलता येत होता तवा, ती काय बोलायची?" मी थोडं सांगितलं. तू खिडकीशी बसून काय काय मागायचीस, कोणाची आठवण काढायचीस, कशाला हसायचीस. "बाय, ये गं"चं सांगितलं. ते जेवायचे थांबले. म्हणाले, "अजून सांगा." मग म्हणाले, "आज नको. थोडा थोडा सांगा."

तर आता माझं वचन ऐक. दर रविवारी मी दातिवऱ्याला जाणार आणि त्यांना थोडं थोडं सांगणार. चांगलं तेवढंच नाही, सगळं. तू किती घाबरली होतीस तेही, आणि किती रात्री माझा हात सोडला नाहीस तेही. त्यांना काही होतंय असं दिसलं तर मी विचारणार, मला काही झालं तर मी त्यांना सांगणार. तुझी एक शपथ मी पाळली, हेमा. तशी शपथ यापुढे कोणाचीच पाळणार नाही, तुझीसुद्धा नाही.

तुझा,
सुभाष
बेटेगाव